मांडवीवरून मस्कतला फोडणी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. परसात झावळ्या पडतात, तसे ते पडत राहतात. आज उचलू, उद्या उचलू म्हणता म्हणता एक दिवस बघावं तर विहिरीकडे जायची वाट अडलेली. आम्हा चौघींकडे असाच ढीग झालाय, आणि तो सगळा आमच्याच माणसांनी पाडलेला आहे. ही माणसं परदेशात राहतात आणि भूक लागली की आम्हाला फोन करतात.

चौघी म्हणजे मी सुधा, हायस्कुलातून रिटायर झालेली गणिताची बाई. माझा मुलगा कॅनडात. दुसरी सुषमा, सरकारी कचेरीत क्लार्क, हिची मुलगी जर्मनीत इंजिनियर. तिसरी शमीम, घरी शिवणकाम करते, मुलगा डब्लिनला शिकतोय. आणि चौथी नलू, जिचा नवरा सतरा वर्षं मस्कतच्या बंदरात क्रेन चालवत होता. आम्ही रोज संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर फिरायला जातो. फिरणं दहा मिनिटं, बसणं दीड तास.

नेमके त्याच वेळेला फोन येतात. कुठे दुपार असते, कुठे सकाळ असते, पण पोट सगळीकडे एकच. पुरणपोळी नाहीतर बिर्याणी कोणी विचारत नाही. पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, सोलकढी. ताप आल्यावर किंवा घरची आठवण आल्यावर जे खावंसं वाटतं ते. इथे असताना ज्याला 'आज काय नुसती पिठीच?' म्हणून नाक मुरडलं, त्याच पिठीसाठी तिकडे डोळ्यांत पाणी.

०००

सुरुवात माझ्यापासून करते, म्हणजे मग बाकीच्यांवर हसायला मोकळी.

मी शाळेत तीस वर्षं मुलगा-मुलगी समान म्हणून भाषणं दिली. घरी निखिलला चहाचा कप उचलू दिला नाही. 'तू अभ्यास कर, मी बघते.' त्याने अभ्यास केला आणि मी बघत राहिले. कॅनडाला निघाला तेव्हा त्याला गॅस पेटवता येतो की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून निघताना पाच पिशव्या बांधून दिल्या. एकीत कुळथाचं पीठ, एकीत थालिपिठाची भाजणी, एकीत नाचणीचं, एकीत आंबोळीचं आणि पाचवीत मेतकूट. घोटाळा नको म्हणून प्रत्येक पिशवीवर मार्करने ठळक नाव लिहिलं.

आठ दिवसांनी फोन. "आई, मालगुंडची मावशी म्हणजे नेमकं कुठलं पीठ?"

मला आधी कळेनाच. मग लक्षात आलं. मी पिशव्यांवर आत काय आहे ते लिहिलंच नव्हतं. कोणी दिलं ते लिहिलं होतं. मालगुंडची मावशी, चिपळूणची वहिनी, नलू, शमीम आणि मी. आमच्या घरात असंच चालतं. 'वहिनीचं काढ गो' म्हटलं की भाजणीचा डबा निघतो, त्यात विचारायचं काय?

शाळेत असताना ज्या पोराने 'क्ष म्हणजे काय' ते आधी लिहिलं नाही, त्याचे मी मार्क कापायचे.

तोवर निखिलने वहिनीची पिठी केली होती आणि मावशीचं थालीपीठ थापलं होतं. म्हणजे भाजणीची आमटी आणि कुळथाचं थालीपीठ. मी हादरून विचारलं, खाल्लंस कसं? तर म्हणाला, "मस्त झालं होतं गं. अगदी तुझ्या हातची चव आली."

त्या दिवशी जेटीवर तिघी इतक्या हसल्या, की भेळवाला गाडी सोडून बघायला आला.

०००

सुषमाची केतकी त्याच्या नेमकी उलट. हिला सगळं ग्रॅममध्ये पाहिजे. 'चिमूटभर' म्हटलं की विचारते, कोणाची चिमूट? 'वाटीला जरा कमी' म्हटलं तर वाटी किती मिलीची? सुषमा म्हणाली, अंदाजाने घाल. तर केतकी म्हणाली, आई, अंदाज असता तर तुला फोन केला असता का?

शेवटी केतकीने ओळखीच्या मुलाबरोबर जर्मनीहून वजनकाटा पाठवला. इवलासा, काचेचा, चप्पट. सुषमाने नेहमीसारखं घ्यायचं, पण पातेल्यात टाकायच्या आधी काट्यावर ठेवायचं आणि तो आकडा कळवायचा.

सुषमा जात्याच सरकारी. तिने हे काम तीन प्रतींत केलं. आठवडाभर हळद तोलली, मीठ तोललं, गूळ तोलला, आमसुलं एकेक करून तोलली. रविवारी केतकीचा फोन आला. आमटी जमली, अगदी घरच्यासारखी, शेजारची जर्मन बाईसुद्धा वाटी चाटून गेली.

आणि त्याच रविवारी सुषमाची स्वतःची आमटी बिघडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. काट्याकडे बघता बघता हिचा हात हात राहिला नव्हता.

तिचा नवरा मुळात अबोल माणूस. त्याने एक घास खाल्ला, ताटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "केतकीला फोन लाव. विचार, आमटी कशी करतात."

०००

आता नलूचे वसंतराव. यांचे किस्से एका बैठकीत संपत नाहीत.

हा माणूस मस्कतला जाण्याआधी ओटीवर बसून 'पाणी' म्हणून ओरडायचा आणि पाण्याचा माठ त्याच्या पाठीमागे दोन हातांवर असायचा. मस्कतला कंपनीची मेस होती, त्यामुळे तिकडेही आयतं. पण पन्नाशी उलटली, मेसचा ठेकेदार बदलला, आणि रोजच्या त्या लाल तेलकट रश्शाने यांच्या पोटात आग पडायला लागली. डॉक्टरने सांगितलं, साधं खा.

त्या संध्याकाळी जेटीवर नलूचा फोन वाजला. आम्ही शेजारीच बसलो होतो, त्यामुळे ऐकायला लागलं. म्हणजे ऐकलंच. अगदी पडलेल्या आवाजात वसंतरावांनी विचारलं, "नलू, पेज कशी करतात?"

नलूने फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. चेहरा असा, की जणू हिला कोणीतरी पदक दिलंय.

पेजेला असतं काय? तांदूळ, पाणी, मीठ. पण ते शिकवायला तीन दिवस गेले. कारण वसंतराव फोन ओट्यावर उताणा ठेवायचे. नलूला दिसायचं काय, तर मस्कतच्या त्या खोलीचं छत, एक ट्यूबलाइट आणि मधूनच वाकलेली यांची हनुवटी. पातेलं काही दिसायचं नाही. ही इथून ओरडायची, उतू जातंय काय बघा, आणि हनुवटी म्हणायची, थांब, बघतो.

पण शिकले. पेज झाली, मऊ भात झाला, पिठी झाली. रोज संध्याकाळी तासभर फोन. निम्मा वेळ फोडणी, निम्मा वेळ इतर. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण नलू म्हणायची, इतकं बोलणं आधी कधी झालंच नव्हतं. मुलीच्या शाळेचं, नणंदेच्या तब्येतीचं, पोफळीला लागलेल्या किडीचं, सगळं त्या फोडणीच्या आजूबाजूला बोलून व्हायचं. आम्ही तेवढ्यापुरत्या जरा लांब सरकून बसायचो. जरा म्हणजे अगदी जराच.

०००

शमीमच्या इम्रानला मात्र काही शिकवावंच लागलं नाही. पोरगा डब्लिनला पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून रोज ताटाचा फोटो पाठवायला लागला. भात, माशाचं कालवण, बाजूला कांदा. शमीम तो फोटो आम्हाला तिघींना दाखवायची, आणि वर मला ऐकवायची, की बघ, काही मुलांना पिशवीवर नाव लागत नाही.

चार महिने आम्ही हे सहन केलं. मग एक दिवस सुषमाने फोटो बोटांनी मोठा केला. क्लार्क बाई, कागदाचा कोपरासुद्धा बघितल्याशिवाय सही करणार नाही. ताटाच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, वाटी सरकवणारी दोन बोटं आली होती. नखांना जांभळं नेलपॉलिश.

शमीमने तिथल्या तिथे फोन लावला आणि विचारलं, आजचं कालवण कोणी केलंन? तो म्हणाला, मीच. मग नखं कोणाची, हे विचारल्यावर पलीकडे इतकी शांतता झाली, की आम्हाला वाटलं फोन कट झाला.

शमीमचा राग आम्हाला ठाऊक होता. मुलगी कोण, कुठली, कोणाची, घरात काय सांगायचं, हे सगळं आता निघणार असं वाटलं. पण शमीम म्हणाली, "मुलगी कोणाची ते मागाहून बघू. आधी तिला विचार, त्यात आमसूल घातलंन की चिंच? माझं कधी एवढं दाट होत नाही."

०००

पुन्हा वसंतराव. विद्या आली की माणसाला शिंगं फुटतात, तशी यांना फुटली.

मस्कतच्या खोलीत सहाजण राहायचे. सगळ्यांना यांच्या हातची पिठी आवडायला लागली. खोलीत यांना शेफ म्हणायला लागले. झालं, मग फोनवरचा सूरच बदलला. नलूने काही सांगितलं की म्हणायचे, तसं नाही गं, तुझी फोडणी जरा उशिरा पडते. ज्या बाईने यांना मोहरी आणि नाचणी यातला फरक शिकवला, तिला हे फोडणीची वेळ सांगणार.

एकदा फोन चालूच राहिला. छत दिसत होतं आणि वसंतराव खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तरी शिकवत होते. लसूण ठेचून घ्यायची, चिरायची नाही. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळी होत नाही. शब्दन् शब्द नलूचा. तो दुसरा म्हणाला, वा, हे कुठे शिकलात? वसंतराव म्हणाले, कुठे काय, ही माझी स्वतःची पद्धत आहे.

नलूने काही न बोलता फोन बंद केला. नलूच्या अशा गप्प बसण्याची आम्हाला जरा भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी सहा जणांच्या सोलकढीला मीठ किती ते विचारलं. नलूने गोड आवाजात सांगितलं, आमटी वाढायचा डाव भरून. पुढे म्हणाली, "आणि हीसुद्धा तुमचीच पद्धत म्हणून सांगा हो."

शेफ हा शब्द त्यानंतर महिनाभर ऐकू आला नाही.

०००

गणपतीला वसंतराव महिन्याच्या रजेवर आले. आम्हाला वाटलं, आता नलूचं भाग्य उजळलं. सुषमाने तर विचारलंसुद्धा, की पिठी-भाताला आम्ही कधी येऊ?

महिनाभर हा माणूस स्वयंपाकघरात फिरकला नाही. नाही म्हणायला एकदा दारापर्यंत आला होता, आमटीत गूळ कमी आहे हे सांगायला.

शेवटच्या आठवड्यात नलूने धीर करून म्हटलं, आज तुम्ही करता काय पिठी? मुलीलाही बघू दे. वसंतरावांनी ओटीकडे बघितलं. तिथे त्यांचा भाऊ पेपर वाचत बसला होता, शेजारचे दोघे आले होते. आवाज खाली करून म्हणाले, "इथे कसं करणार? लोक बघतील."

मस्कतमध्ये लोक नव्हते वाटतं, नुसती छतं होती.

हे सांगताना नलू हसत होती, आम्हीही हसलो. मग ती समुद्राकडे बघत म्हणाली, "मला दुसरं काही नको गो. एकदाच, बसल्या जागी ताट यावं. भरलेलं. मी न उठता." त्यावर मात्र कोणीच हसलं नाही. शमीमने तिच्या पदरावरचे शेंगांची टरफलं झटकली आणि आम्ही उठलो.

तेव्हापासून हा आमचा चौघींचाच प्रश्न होऊन बसला. सुषमाचं म्हणणं, या जन्मी शक्य नाही. शमीम म्हणायची, होईल, अल्ला बघतोय. मी गणिताची बाई. मी म्हटलं, शक्यता शून्य नाही, पण शून्याच्या घरात जेवून आलेली आहे.

०००

यंदा चैत्रात वसंतराव कायमचे आले. सामानात दोन कुकर, मिक्सर, नॉनस्टिक तवा आणि स्वतःचा लसूण ठेचायचा छोटा खलबत्ता होता. तो सगळा संसार खोक्यासकट माळ्यावर गेला, आणि वसंतराव ओटीवर गेले.

संध्याकाळी आळीतले पुरुष येऊन बसायचे. यांचं सुरू व्हायचं. तिकडे सगळं हाताने करून खावं लागतं बाबा, सहाजणांचा स्वयंपाक मी एकटा ओढायचो, आपल्यासारखी पिठी कोणाला जमायची नाही. कोणीतरी म्हणालं, मग एकदा खिलवा की आम्हाला. तर म्हणाले, आता इथे काय गरज? ही आहे ना. 'ही' त्या वेळी आत सातव्या माणसाचा चहा गाळत होती.

नलूचं जेटीवर येणं कमी झालं. आली तरी फोन पर्समध्ये. आता तो वाजणार तरी कोणाचा? एकदा मी विचारलं, घरी आलेत तर बरं वाटत असेल ना गो? म्हणाली, बरं आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, फोनवर तासभर बोलायचे. आता दिवसभरात 'वाढ' आणि 'पुरे'. तेही जेवताना.

मी चिडून म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, काय बोलू? समोर बसले की सुचत नाही. त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

०००

आणि मग श्रावणात नलू अंगणातल्या शेवाळावरून घसरली. उजवा पाय, गुडघ्याखाली प्लास्टर, तीन आठवडे पलंगावरून उतरायचं नाही. मुलगी पुण्याला होस्टेलवर. घरात नलू आणि वसंतराव दोघंच.

आम्ही तिघींनी पाळ्या लावून घेतल्या. पहिल्या दिवशी सुषमाने डबा दिला, दुसऱ्या दिवशी शमीमने. शमीम सांगत आली, की वसंतराव डबा घेतात, ताट घेतात, वाढून घेतात, आणि ओटीवर जाऊन जेवतात. नलूचं ताट शमीमनेच भरलं. ऐकून माझं डोकं इतकं फिरलं, की तिसऱ्या दिवशी माझ्या पाळीला मी डब्याबरोबर दोन शब्दही तयार करून नेले होते. शाळेत ठेवणीतले असायचे, तसे.

साडेअकराला पोचले. ओटी रिकामी. पेपर घडी न मोडता पडलेला. माजघरात नलू पलंगावर, पाठीला दोन उशा. मी डबा टेकवून तोंड उघडणार, तेवढ्यात आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. मग नळ सुटला. मग खलबत्त्यात काहीतरी ठेचल्याचा आवाज, ठक ठक ठक.

मी नलूकडे बघितलं. ती छपराकडे बघत होती.

तेवढ्यात उशीजवळचा तिचा फोन वाजला. मी वाकून बघितलं तर स्क्रीनवर नाव 'मस्कत'. तिने ते नाव अजून बदललेलं नव्हतं. तिने बटण दाबलं, आणि एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, फोनमधून आणि दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरातून. "नलू, तेल तापलंय. आधी मोहरी ना?"

चार वर्षं सहाजणांना पिठी करून घातलेला माणूस.

मला हसू आवरेना. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, अहो वसंतराव, फोन कशाला करताय, ही इथेच तर...

नलूने माझं मनगट घट्ट धरलं. खालच्या आवाजात म्हणाली, "मधलं दार ओढून घे."

मी उठले आणि दार ओढून घेतलं. नलूने कपाळावरचे केस मागे सारले, उशी सारखी केली, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हां, बोला. तिकडे उकडतंय काय हो फार?"